चौथ्या अंकाचा वन्समोअर

“पण कंपनीत तुमच्याकडे नेमकं काम कोणतं होतं?” एकसंबेकर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“वन्समोअर द्यायचा,” रंगराव तोडकरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. “पब्लिकमधी बसायचं आनि मालकानं सांगितलेल्या पदाला पयला आवाज टाकायचा. एकानं टाकला की मागनं समदं थेटर टाकतंय. पर पयला कुनीतरी लागतोच की.”

समितीच्या सभासदांनी हातातले चहाचे कप खाली ठेवले. सहा आठवडे वर्तमानपत्रात जाहिरात दिल्यावर ‘संगीत प्रवालकुमारी’च्या चाली ठाऊक असलेला एकुलता एक माणूस सापडला होता, आणि तो गवई नव्हता, तबलजी नव्हता, नट तर नव्हताच. तो ओरडणारा निघाला.

ही गोष्ट शहाऐंशी सालची, कोल्हापुरातली. एकसंबेकर साहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. हातात वेळ आणि डोक्यात आजोबा, अशी त्यांची अवस्था होती. आजोबा म्हणजे कै. अनंत बल्लाळ एकसंबेकर. ते तरुणपणी मुंबईच्या बंदरात कारकून होते. तिथे एका गोऱ्या कंपनीचा गाण्याचा खेळ बघून त्यांचं डोकं फिरलं (साहेबांच्या भाषेत ‘प्रतिभा जागृत झाली’) आणि १८९१ साली त्यांनी प्रवालकुमारी लिहिलं. पाच अंक, बेचाळीस पदं, एक फुटणारं जहाज, शेवटी राजपुत्र निघणारा एक दर्यावरचा लुटारू, आणि नायिकेला एकूण अकरा वेळा मूर्च्छा. नाटक तेव्हा पडलं. पुढे १९२७ साली रंगरावांच्या कंपनीने, म्हणजे कल्लेश्वर संगीत मंडळीने, ते पुन्हा उभं केलं आणि तेव्हाही ते एका प्रयोगात पडलं. दोन्ही वेळा पुण्याच्या लोकांनी दाबलं, असं साहेबांचं ठाम मत होतं. सत्तावीस सालचा प्रयोग बेळगावला झाला होता, असं कुणी सुचवलं तर ते म्हणत, “तिथेही त्यांची माणसं असतात.”

आता नाटकातली सगळी पदं ध्वनिमुद्रित करून तीन कॅसेटचा संच काढायचं ठरलं होतं आणि त्यासाठी साहेबांनी समिती नेमली होती. प्रवालेची, म्हणजे नायिकेची, पदं माझ्याकडे आली. मी मुलींच्या हायस्कुलात गाणं शिकवत असे. मुंबईच्या दोन आणि पुण्याच्या एका गायिकेने नकार दिल्यावर समितीने ‘स्थानिक कलावंतांना प्राधान्य’ हे धोरण स्वीकारलं, आणि ते धोरण म्हणजे मी. तरी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. चौतिसाव्या वर्षापर्यंत माझा आवाज प्रार्थनेच्या तासापलीकडे गेला नव्हता.

घोडं अडलं होतं ते चालींपाशी. छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर नुसतं ‘चाल : कानडी’ एवढंच असे. एका पदावर ‘चाल : पुढील पदाप्रमाणे’ होतं आणि पुढच्या पदावर ‘चाल : मागील पदाप्रमाणे’.

“पण मामा, तुम्हाला सगळ्या चाली येतात कशा?” मी रंगरावांना विचारलं.

“दोन म्हैनं तालमीला बसवलं हुतं मालकानं. कुठं वरडायचं ते कळाय नको व्हय? नटाला आपलं पद ठावं असतंय, बाई. मला समद्यांची.”

आणि त्यांनी तिथेच पहिल्या अंकातलं एक पद म्हणून दाखवलं. वय ऐंशीला टेकलेलं. नाटक कंपनी बुडाल्यावर त्यांनी चाळीस वर्षं गुळाच्या सौद्यात बोली पुकारली होती, त्यामुळे आवाज पार फाटलेला. पण सूर जागचा हलत नव्हता. समितीने लगेच कप उचलले.

“माझी एकच अट हाय,” रंगराव म्हणाले. “चौथ्या अंकात प्रवाला निघून जाताना म्हनती ते निरोपाचं पद. ‘विझवुं नको दीप सख्या, येइन मी परतुनी’. त्ये बाईंनी म्हटलं की मी वन्समोअर देनार. आनि बाईंनी परत म्हनायचं. दोन्ही टेपात याय पायजे.”

साहेबांनी खिशातून डायरी काढली. धरणाचं पाणी मोजावं तशी ते कॅसेटची मिनिटं मोजत. “पदाला सव्वापाच मिनिटं धरलीत. दोनदा म्हणजे साडेदहा. जागा नाही.”

“प्रास्ताविक अकरा मिनिटांचं आहे,” एक सभासद हळूच म्हणाले. प्रास्ताविक साहेब स्वतः करणार होते. त्यात १८९१च्या प्रयोगाला संस्थानातले इंग्रज रेसिडेंट साहेब आले होते आणि त्यांनी तीन वेळा मान डोलावली, हा प्रसंग होता.

“डुलकी आली आसंल,” रंगराव म्हणाले.

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. “हे पाहा तोडकर, कॅसेट माणूस घरी बसून ऐकतो. एखादं पद त्याला पुन्हा ऐकावंसं वाटलं, तर तो कॅसेट मागे फिरवील. वन्समोअरची सोय यंत्रातच आहे.”

“मग चालीबी यंत्रालाच इचारा,” असं म्हणून रंगरावांनी टोपी घातली आणि ते उठले.

मग एकच धावपळ. शेवटी इतिवृत्तात नोंद झाली, ‘श्री. तोडकर यांच्या सूचनेचा योग्य वेळी सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.’

“म्हंजे व्हय का न्हाय?” रंगरावांनी विचारलं.

“म्हणजे विचार,” साहेब म्हणाले.

सरकारी मराठीत विचार म्हणजे काय हे मला शाळेतल्या नोकरीमुळे ठाऊक होतं. रंगराव जिना उतरत होते, तिथे गाठून मी त्यांना म्हणाले, “मामा, ते पद मी दोनदा म्हणेन. शब्द देते.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला यायचं कबूल केलं.

दोन महिने ते रोज दुपारी शाळा सुटल्यावर माझ्या घरी येत. शिकवणारे म्हणून ते कडक होते. तान लांबली की म्हणत, “बाई, पब्लिकला जेवाय जायचं असतंय.” एक्केचाळीस पदं त्यांनी मला खडान्‌खडा दिली; इतर पात्रांची पदं मी त्या त्या गायकांना शिकवायची, असं ठरलं होतं. बेचाळिसावं, निरोपाचं, सगळ्यात शेवटी काढलं आणि तेही अर्धवट. शेवटच्या ओळीपाशी आले की ते थांबत. “इथनं पुढं तुमी वळकून घ्या. सूर सांगतो,” म्हणत आणि नुसते गुणगुणत. मला वाटलं, वयामुळे दम पुरत नसेल.

स्टुडिओ शाहूपुरीत एका जुन्या गुळाच्या गोदामात होता. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्या होत्या, पण वास काही जात नव्हता. भक्तिगीतं आणि निवडणुकीच्या घोषणा यांवर सलीम मुजावरांचा तो स्टुडिओ चालत असे. काचेपलीकडे बसून ते शांतपणे काम करत. मूर्च्छेचा प्रश्न त्यांनीच सोडवला. कॅसेटवर नायिका पडलेली कळणार कशी? तर कोंड्याचं अर्धं भरलेलं पोतं हातभर उंचीवरून सोडायचं. अकरा मूर्च्छा एका सकाळीत झाल्या. आठवी जरा जोरात पडली तेव्हा साहेब म्हणाले, “आजोबांना इतकं अपेक्षित नसावं,” आणि ती परत घेतली.

म्हणजे पोतं दोनदा पडू शकत होतं. पद दोनदा म्हणायला जागा नव्हती.

निरोपाच्या पदाची पाळी शेवटच्या दिवशी आली. साहेबांनी रंगरावांना आत खुर्ची दिली, पण समोरच्या गादीवर टाचणीने कागद लावला, ‘ध्वनिमुद्रण कक्षात उपस्थितांनी मौन पाळावे.’ उपस्थित म्हणजे मी, ऑर्गनवादक हुपरीकर, तबलजी आणि रंगराव. त्यांतले तिघे कामावर होते.

चहाच्या सुट्टीत आम्ही दोघं बाहेर वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसलो. रंगरावांनी चहा घेतला नाही.

“मामा, एवढ्या बेचाळीस पदांतलं हेच का?” मी इतके दिवस विचारायचं टाळलं होतं.

 ते म्हणाले, “बेळगावच्या खेळाला प्रवालेचं काम नरहरी मास्तरांनी केलं. बापईमानूस, पर लुगडं नेसून हुबा ऱ्हायला की बायका आपला पदर सारखा करायच्या. मला मालकानं धा जागा सांगितल्या हुत्या. नऊ जागी दिला मी आवाज. धाव्वी ही. ‘रंग्या, चौथ्या अंकाला वन्समोअर मिळाला तर नाटक तरलं, न्हाय तर उद्या गाशा गुंडाळायचा,’ असं सांगून ठेवलेलं.”

“मग?”

“मास्तरांनी पद म्हटलं. तालमीत म्हनायचे तसं न्हाई. येगळंच. मला वाटलं, ह्यो मानूस आता खरंच निघून चाललाय. शेवटची वळ आली, संपली. आनि माझा गळा दाटून आला, बाई. त्वांड उघडलं, पर आवाज न्हाय. माझं काम काय, मी कोन, काय ध्येनातच न्हाय. नुसतं डोळ्यातनं पानी. पब्लिकबी तसंच. कुनी हालंना.”

“म्हणजे सगळ्यांना आवडलं होतं!”

“आवडलं हुतं त्ये मला ठावं. मास्तरांस्नी कसं कळावं? म्होरच्या बत्त्यांच्या उजेडात त्यास्नी पब्लिक दिसत नव्हतं. त्ये विंगेपाशी हुबं ऱ्हायले, कान लावून. वन्समोअर आला की परत म्हनायची पद्धत. त्यो काय आला न्हाय. मान खाली घातली आनि आत गेले.”

रंगरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “खेळ झाल्यावर मालकानं मला आत बोलवलं. म्हनला, ‘रंग्या, काय रं झालं?’ रडलो म्हनून सांगितलं असतं तर कामावरनं काढला असता. रडाय थोडाच ठेवला हुता मला! मी म्हनलो, ‘मालक, पद पडलं. पब्लिक गारठलं हुतं.’ मास्तर तिथंच लुगडं फेडत हुते. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मालकानं जुनंच नाटक लावलं. दिवाळीच्या आत मास्तर कंपनी सोडून गावाकडं गेले. पुन्ना त्यांनी तोंडाला रंग लावला न्हाई.”

प्रवालकुमारी पुण्याच्या लोकांनी दाबलं नव्हतं. गुळाच्या वासात, माझ्या शेजारी, एक फाटक्या आवाजाचा म्हातारा बसला होता आणि नाटक त्याच्या हुंदक्याने पडलं होतं. मला हसू येईना आणि रडूही येईना.

“आज देतो,” ते उठत म्हणाले. “साठ वरसं घशात अडकलंय.”

आत लाल दिवा लागला. हुपरीकरांनी सूर दिला. मी इतकी वर्षं गात होते, पण कुणीतरी निघून चाललंय आणि ते मीच आहे, असं गाणं मला त्याआधी कधी जमलं नव्हतं. नंतरही जमलं नाही. शेवटची ओळ मी त्यांनी गुणगुणलेल्या सुरांवर सोडली आणि थांबले.

रंगराव खुर्चीतून अर्धे उठले होते. उजवा हात वर गेलेला, तोंड उघडं. आणि डोळ्यांतून धारा. आवाज नाही. पुन्हा तेच झालं होतं.

काचेपलीकडून साहेबांनी अंगठा दाखवला. “उत्तम! पद मंजूर,” असा त्यांचा आवाज कर्ण्यातून आला. लाल दिवा विझला.

मला मात्र समोरच्या ट्यूबलाइटमध्ये, नरहरी मास्तरांना जे दिसलं नव्हतं ते अगदी स्वच्छ दिसत होतं. कुणी वन्समोअर दिला नव्हता, तरी मी पुन्हा सुरुवात केली. ‘विझवुं नको दीप सख्या…’ हुपरीकर दचकले, पण कसलेला माणूस, दुसऱ्या शब्दाला त्यांनी मला गाठलं. मुजावरांनी मी श्वास घेतानाच दुसऱ्या यंत्रावरचं कोरं स्पूल सुरू केलं होतं; लाल दिवा पुन्हा लागला होता. साहेब काचेवर बोटांनी टकटक करत होते. मी डोळे मिटून घेतले.

शेवटच्या ओळीचा शेवटचा सूर माझ्या ओठांवर असतानाच तो आवाज आला.

“वन्स…मो…अर!”

चाळीस वर्षं गुळाच्या सौद्यात कमावलेला आवाज होता तो. काथ्याच्या गाद्यांतून धूळ उडाली. काचेपलीकडे मुजावरांनी कानावरची यंत्रं उपटून काढली आणि मग, कधी नव्हे ते, हसले.

साहेब आत आले ते लालबुंद होऊन. “तोडकर! लिहून लावलेलं वाचता येत नाही का?”

“न्हाय,” रंगराव डोळे पुसत म्हणाले. “शाळा न्हाई झाली माझी.”

साहेबांनी पुढचा सगळा कारभार हाती घेतला. खात्यातली सवय म्हणून ते प्रत्येक स्पूलच्या डबीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवत. ‘मंजूर’ आणि ‘रद्द’ अशा दोन चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या. तोंडाने रंगरावांना शिस्त शिकवणं चालूच होतं. स्वच्छ पद असलेली डबी डावीकडे होती. ओरडलेली उजवीकडे. साहेबांनी ‘मंजूर’ उजवीकडे चिकटवलं.

मी ते पाहिलं. माझ्या जन्मातलं सगळ्यात चांगलं गाणं डाव्या डबीत होतं. एक शब्द बोलले असते तर ते वाचलं असतं. मी पदर सारखा केला आणि गप्प राहिले.

“टेप वाया घालवायची नाही,” साहेब म्हणाले. “रद्द झालेल्या स्पूलवर माझं प्रास्ताविक घ्या.”

मुजावरांनी डबीवरची चिठ्ठी वाचली आणि घेतलं. रेसिडेंट साहेबांनी माझ्या आवाजावर तीन वेळा मान डोलावली.

चूक आठ दिवसांनी कळली. तोवर हुपरीकर एका मंडळाबरोबर गोव्याला गेले होते आणि प्रकाशनाला मंत्र्यांची तारीख मिळालेली होती. चौथा अंक त्या पदावरच संपत असल्याने पद गाळताही येईना. साहेबांनी मुजावरांना फैलावर घेतलं. मुजावरांनी शांतपणे डबी पुढे केली. “अक्षर तुमचंच हाय न्हवं, साहेब?”

पण साहेब इतकी वर्षं सरकारात काढलेले. प्रकाशनाच्या दिवशी भाषणात ते म्हणाले, “नाट्यगृहाचं अस्सल वातावरण यावं म्हणून एके ठिकाणी आम्ही मुद्दाम, संशोधनपूर्वक, वन्समोअरची योजना केली आहे.” टाळ्या पडल्या. पुण्याच्या एका मासिकाने तर लिहिलं की, संचात इतर काही नसलं तरी वन्समोअर शास्त्रशुद्ध आहे. साहेबांनी ते कात्रण चौकटीत बसवून घेतलं आणि पुण्याच्या लोकांबद्दलचं मत त्या दिवसापुरतं बदललं. वेष्टनावर रंगरावांचं नाव ‘ज्येष्ठ रंगकर्मी’ म्हणून छापलं होतं. संच फारसे कुणी घेतले नाहीत. कोल्हापुरात पुढे दोन वर्षं एकसंबेकरांकडून लग्नात तोच आहेर येत असे.

प्रकाशनानंतर तीनेक महिन्यांनी शाळेच्या पत्त्यावर मला गडहिंग्लजहून पत्र आलं. ते घेऊन मी सरळ रंगरावांच्या घरी गेले. ते दारात उन्हाला बसले होते.

“वाचा,” ते म्हणाले.

मी वाचलं. ‘बाईंना स. न. वि. वि. मी कै. नरहरी मास्तरांची मुलगी वेणू. भाचीच्या लग्नात आलेल्या आहेरात तुमची कॅसेट मिळाली. आमचे वडील सांजवात लावताना हे निरोपाचं पद गुणगुणत, पण शेवटची ओळ म्हणत नसत. विचारलं तर म्हणत, या पदाला लोक गप्प बसले गं, माझ्यातच काही कमी होतं. ते असंच मनात घेऊन गेले. तुमच्या कॅसेटमध्ये एक गृहस्थ वन्समोअर देतात. माझ्या मुलाने कॅसेट मागे फिरवून ते मला सहा वेळा ऐकवलं. ते गृहस्थ कोण? कृपा करून कळवावे.’

 रंगराव म्हणाले, “परत एकदा वाचा.”

मी परत वाचलं.

“कागद हाय तुमच्याकडं? मग लिवा. मास्तरांत काय बी कमी न्हवतं, हे पयल्यांदा लिवा. पब्लिक गप्प बसलं हुतं, कारन त्याच्यानं बोलवंना. आनि जो बोलनार हुता, त्येनं खोटं सांगितलं. हेबी लिवा. लपवू नका.”

मी लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

“खाली तुमचं नाव घालते,” मी म्हणाले. “नावापुढे काय लिहू? ज्येष्ठ रंगकर्मी?”

“छ्या!” ते म्हणाले. “त्या रातीला मी कंपनीचा कुठं ऱ्हायलो हुतो? लिवा, पब्लिक.”